ऑपरेशननंतरची मळमळ आणि मनगटावरचा दाब

ऑपरेशन झाल्यावर भूल उतरताना पोटात ढवळतं, उलट्या होतात, तो त्रास कमी व्हावा म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला एका ठराविक जागी बोटाने किंवा पट्ट्याने दाब द्यायची ही पद्धत. चिनी वैद्यकात त्या जागेला नेइग्वान म्हणजे आतला दरवाजा म्हणतात, डॉक्टर लोक पी-६ म्हणतात. बेलफास्टचे भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात या जागेवर सुई टोचून प्रयोग केले आणि तिथपासून भुलीचे डॉक्टर हा प्रकार जरा सिरियसली घ्यायला लागले.

कोकणात हे समजवायला फार कष्ट नाहीत, कारण आपल्याकडे 'बोट लागणं' हा शब्द आगबोटीच्या काळापासून आहे, मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत यायची तेव्हा निम्मे पाशिंजर डेकवर आडवे असायचे. आता बोट गेली आणि घाट राहिला. कुंभार्ली, करूळ, आंबोली, कुठलाही घ्या, एसटीत कोणीतरी 'माका गाडी लागता' म्हणत खिडकीशी लिंबू हुंगत बसलेलं असतंच. याचा ऑपरेशनशी थेट संबंध आहे. ज्याला गाडी लागते त्याला भुलीनंतर उलट्या व्हायची शक्यता जास्त, हे डॉक्टरांच्या अंदाजाच्या यादीतच आहे. १९९९ साली आलेल्या आप्फेल स्कोअरमध्ये चार गोष्टी मोजतात: पेशंट बाई असणं, सिगारेट न ओढणारं असणं (हो, उलटं वाटतं पण तसंच आहे), आधी कधी भुलीनंतर उलट्या झालेल्या असणं किंवा गाडी लागणं, आणि ऑपरेशननंतर दुखण्यावर अफूच्या जातीची औषधं मिळणार असणं. यातलं काहीच नसेल तर धोका साधारण १० टक्के, चारही असतील तर ८० च्या आसपास. आपल्या बायका पित्ताशयाच्या किंवा पिशवीच्या ऑपरेशनला कोल्हापूरला जातात तेव्हा यातल्या तीन तरी गोष्टी सहज जुळतात, पण भुलीचे डॉक्टर विचारायला आले की साखर-बीपी सगळं सांगतील आणि गाडी लागते एवढंच सांगायचं राहून जातं, ते काय सांगायचं असं वाटतं म्हणून.

जागा शोधायची ती पेशंटच्याच बोटांनी मापून, नर्सच्या किंवा मुलाच्या नाही. तळहात वर करायचा, मनगटाच्या घडीवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवायची, तिसरं बोट जिथे संपतं तिथे मधोमध दोन शिरांसारख्या दोऱ्या लागतात, त्यांच्या मधली खोबण. मूठ आवळून मनगट थोडं वाकवलं की त्या दोऱ्या वर येतात. काही लोकांच्या हातात यातली एक दोरी जन्मतःच नसते, मग घाबरायचं नाही, मध्यभाग धरायचा. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं दाबायचं, दुखेपर्यंत नाही, मग दुसरा हात. पट्टा असेल तर त्याची प्लॅस्टिकची घुंडी बरोबर त्या खोबणीत बसली पाहिजे. पुष्कळदा पट्टा सरकून बांगड्यांच्या जागी येऊन बसतो आणि मग काही गुण नाही म्हणून नावं ठेवतात.

उपयोग होतो का, तर होतो, पण चमत्कार नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढतात तो) सुई, दाब, विजेचा हलका झटका असे सगळे प्रकार मिळून ५९ चाचण्या आणि ७,६६७ माणसं होती, खोट्या उपचाराशी तुलना केली तर मळमळ साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी आणि उलट्या ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. मात्र त्या पुराव्याचा दर्जा कमी आहे असं आढावा करणाऱ्यांनीच लिहिलंय. उलटीच्या औषधांशी तुलना केली तेव्हा मोठा फरक दिसला नाही. म्हणून ऑन्डान्सेट्रॉनचं, म्हणजे उलटी थांबवायचं, इंजेक्शन नको सांगायला हे कारण धरू नये, दोन्ही बरोबर चालतं.

त्रास म्हटला तर पट्ट्याखाली लाल होणं, खाज, वळ. ज्या हाताला सलाईन आहे किंवा डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) आहे तो हात सोडून द्यायचा. उलट्या थांबतच नाहीत, पोट फुगलंय, हिरवं किंवा रक्त पडतंय तर दाबत बसू नये, सिस्टरला हाक मारायची. आणि डब्यातली सोलकढी, डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला परवानगी दिल्याशिवाय नाही, कितीही 'पोटाक थंड' असली तरी.