छायाप्रकाशातलं पोर्ट्रेट

छायाप्रकाशातलं पोर्ट्रेट म्हणजे माणसाचा असा फोटो ज्यात चेहऱ्यावरचा भाव उजेडाइतकाच, खरंतर जास्तच, सावलीतून कळतो. चेहरा सगळीकडून सारखा उजळला की तो पासपोर्ट फोटोसारखा सपाट दिसतो, एका बाजूला अंधार राहू दिला की तोच चेहरा गंभीर, एकटा किंवा विचारात पडलेला वाटायला लागतो.

हे सगळं आलं चित्रकलेतून. इटलीचा काराव्हाज्जो (१५७१-१६१०) आणि नेदरलँड्सचा रेम्ब्रांट (१६०६-१६६९) यांनी अंधारातून वर येणारे चेहरे रंगवले. रेम्ब्रांटच्या नावाचं तर लायटिंगच आहे, लाईट साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या बराच वर ठेवायचा, मग नाकाची सावली गालावरच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा एक छोटासा त्रिकोण उरतो. समोरच्याने मान जराशी वळवली तरी तो गायब! आणि त्या बाजूच्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका, म्हणजे कॅचलाइट, गेला की डोळा निर्जीव दिसतो, म्हणून मी तरी आधी डोळाच बघतो.

फोटोग्राफीत ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचं नाव आधी घ्यायला हवं. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांना मुलीकडून कॅमेरा भेट मिळाला आणि १८६७ मध्ये त्यांनी काढलेला शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा फोटो आजही बघत राहावा असा आहे, काळोखातून फक्त विस्कटलेले पांढरे केस आणि थकलेले डोळे. पुढे फोटोग्राफर युसुफ कार्श यांनी १९४१ मध्ये कॅनडातल्या ओटावात चर्चिल यांच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि लगेच क्लिक केलं, तो वैतागलेला चेहरा जगभर गेला. कार्श हातांवर वेगळा लाईट टाकायचे, कारण भाव हातांतही असतो.

आता तंत्राचं. चेहऱ्याच्या मानाने लाईट जितका मोठा तितकी सावलीची कड मऊ, छोटा असेल तर कड धारदार. छोट्या लाईटपासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश होतो, खिडकीचा उजेडही लांब गेलं की कमी होत जातो, त्यामुळे खिडकीला अगदी खेटून बसवलं तर एक गाल लख्ख आणि दुसरा बराच काळोखात, तेच चार पावलं मागे नेलं की फरक कमी होतो, म्हणजे नुसती खुर्ची सरकवून मूड बदलतो.

नवीन लोकांची नेहमीची चूक म्हणजे एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी कॅमेरा किती उजेड घेतो ते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा काळोख बघून सगळा फोटो उजळ करतो आणि सावल्या राखाडी होतात. अशा वेळी उजेडातल्या गालावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणं) करायचं नाहीतर एक्स्पोजर मायनस करायचं. सावली फारच गडद झाली तर त्या बाजूला पांढरा कागद किंवा थर्माकोल धरायचा, आणि अजून गडद हवी असेल तर तिथेच काळं कापड.