नैसर्गिक वायुवाहिन्यांचा विस्तार, भारतातील

तेल-वायू क्षेत्रातून किंवा बंदरावरच्या एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला वायू) टर्मिनलमधून निघालेला नैसर्गिक वायू खत कारखाने, उद्योग आणि शहरी वितरण कंपन्यांपर्यंत नेणाऱ्या उच्च दाबाच्या पोलादी नळवाहिन्या. भारतात अशा मुख्य वाहिन्यांची लांबी 25,000 किमी.च्या आसपास असून आखलेले जाळे पुरे झाल्यावर ती 33,000 किमी.च्या वर जाईल. देशाच्या प्राथमिक ऊर्जेत वायूचा वाटा मात्र 6 टक्क्यांच्या आसपास रेंगाळला आहे. 2030 पर्यंत तो 15 टक्के करण्याचे सरकारी उद्दिष्ट आहे. लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा आयात करावा लागतो. अशा स्थितीत वाहिन्या टाकत राहावे का, या प्रश्नाचे उत्तर एकूण किलोमीटरवरून देता येत नाही. एका टोकाला वायू आणि दुसऱ्या टोकाला खात्रीचे गिऱ्हाईक आहे का, हे प्रत्येक वाहिनीपुरते वेगळे पाहावे लागते.

पहिली मोठी वाहिनी हजिरा-विजयपूर-जगदीशपूर. मुंबईजवळच्या समुद्रातील वसई क्षेत्राचा वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर आणून तो उत्तरेकडे नेण्यासाठी 1980च्या दशकात ती टाकली गेली. तिच्या मार्गावर सहा खत कारखाने आणि मोठी वीजकेंद्रे तिच्यासोबतच आखली होती, म्हणून ती सुरुवातीपासून भरून वाहिली. काकीनाडा ते भडोच या सुमारे 1,400 किमी.च्या पूर्व-पश्चिम वाहिनीचे नेमके उलटे झाले. 48 इंच व्यासाची आणि दिवसाला 80 दशलक्ष घनमीटर क्षमतेची ही वाहिनी 2009 मध्ये सुरू झाली. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-6 क्षेत्राचे उत्पादन 2010 मध्ये 60 दशलक्षांच्या आसपास जाऊन काही वर्षांत 10 दशलक्षांच्याही खाली आले. महाराष्ट्रातूनही जाणारी ही वाहिनी वर्षानुवर्षे बरीचशी रिकामी राहिली. कोचीत वेगळीच अडचण आली. 50 लाख टन क्षमतेचे टर्मिनल 2013 मध्ये तयार झाले, पण तिथून मंगळूरला जाणारी 450 किमी.ची वाहिनी पुरी व्हायला जानेवारी 2021 उजाडले. तोवर टर्मिनल क्षमतेच्या अगदी थोड्या भागावर चालले.

अलीकडच्या वाहिन्यांत जगदीशपूर-हल्दिया-बोकारो-धामरा ही ऊर्जा गंगा समर्थनीय ठरते. केंद्राने तिच्या खर्चापैकी 40 टक्के अनुदान दिले आणि गोरखपूर, बरौनी व सिंद्री येथील बंद पडलेले खत कारखाने तिच्या आधारावर पुन्हा उभे केले. युरियासाठी वायू हा नुसते इंधन नसून कच्चा माल आहे. त्याची जागा सौरऊर्जा थेट घेऊ शकत नाही. विजेचे तसे नाही. देशात 20,000 मेगावॉटहून अधिक क्षमतेची वायुवीजकेंद्रे आहेत आणि आयात वायूची वीज महाग पडत असल्याने ती बहुतेक काळ थंड असतात. निव्वळ वीजकेंद्राच्या भरवशावर नवी वाहिनी टाकणे आज चुकीचेच आहे.

वाहिनीसाठी सहसा एक्स-70 या जास्त ताकदीच्या दर्जाच्या पोलादाचे, सुमारे 12 मीटर लांबीचे नळ वापरतात. त्यांवर कारखान्यातच पॉलिथिनचे तिपदरी आवरण चढवलेले असते. चर खणण्याआधी वरची सुपीक माती वेगळ्या ढिगाऱ्यात ठेवावी लागते. ही पायरी घाईत वगळली की खालची मुरमाड माती वर येते आणि शेताचे पीक पुढची काही वर्षे मार खाते. नळ जोडल्यावर प्रत्येक वेल्डचे क्ष-किरण किंवा श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) चित्र घेतात. आवरणाला बारीक भोक राहिले आहे का, हे उच्च दाबाच्या विजेची कडी नळावरून फिरवून तपासतात. भोकाशी ठिणगी उडते. खडकाळ जमिनीत नळाखाली आणि भोवती बारीक मातीची गादी लागते, नाहीतर एका टोकदार दगडाने आवरण फाटते. नळावर 1 ते 1.2 मीटर माती टाकून मग वाहिनी पाण्याने भरतात आणि चालू दाबापेक्षा जास्त दाबाखाली 24 तास ठेवतात. हे पाणी पुरते काढून आतली बाजू कोरडी करणे ही शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी.

गंज बाहेरूनही लागतो आणि आतूनही. बाहेरच्यासाठी नळाला क्षीण वीजप्रवाह देऊन त्याचे विभव, म्हणजे मातीच्या तुलनेतला विद्युतदाब, उणे 0.85 व्होल्ट किंवा त्याहून खाली राखतात आणि वाटेतल्या चाचणी खांबांवर ते मोजतात. उच्चदाब वीजतारा वाहिनीला समांतर जात असतील तर हे आकडे फसवे ठरतात. आतला गंज पाण्याने होतो. आंध्र प्रदेशातील नगरम गावी 27 जून 2014 रोजी 18 इंची वाहिनी फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या वाहिनीतून पाणी असलेला वायू वाहत होता आणि नळ आतून खाल्ला गेला होता. लांब पल्ल्याच्या वाहिन्यांतील वायूला सहसा वास नसतो. घरगुती जोडणीत नाकाला जाणवतो तो मर्कॅप्टनचा वास शहरी वितरणासाठी मिसळलेला असतो. म्हणजे वाहिनीशेजारच्या गावाला गळती वासावरून कळेलच असे नाही. नव्या वाहिनीचे पैसे मंजूर करण्याआधी जुन्या वाहिन्यांतून तपासणीचा ‘पिग’, म्हणजे नळाच्या आतून फिरून गंज व झीज शोधणारे यंत्र, वेळेवर फिरतो आहे का, हे विचारलेच पाहिजे.

वाहिनीखालची जमीन पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांविषयीच्या 1962च्या कायद्याने संपादित होत नाही. तिच्यावर फक्त वापर हक्क घेतला जातो. मालकी शेतकऱ्याचीच राहते, सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद चढते. त्या पट्ट्यात ज्वारी, भात, भाजीपाला घेता येतो, पण घर, विहीर, तळे आणि झाड यांना बंदी. मोबदला बाजारभावाच्या 10 टक्के आणि पिकाची नुकसानभरपाई वेगळी. विदर्भातल्या मोठ्या शेतात हा बोजा सोसतो. दहा-पंधरा गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी असेल तर तो पट्टा वाडीच संपवतो. केरळ आणि तमिळनाडूतला विरोध बराचसा यातून पेटला. 10 टक्के हा दर अन्याय्य आहे आणि तो कायद्यातच बदलायला हवा. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनीचा मुंबई-नागपूर टप्पा समृद्धी महामार्गालगत नेल्याने हा वाद बराच टळला, ही वाट इतरत्रही घेण्याजोगी आहे.

आज पुरलेली वाहिनी चांगली राखली तर 40 वर्षे सहज चालते, म्हणजे 2070च्या निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या उद्दिष्टाला भिडते. जळताना वायू कोळशापेक्षा खूपच कमी कार्बन सोडतो. पण न जळता गळलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक तापवतो. त्यामुळे व्हॉल्व्ह आणि काँप्रेसर केंद्रांवरची गळती मोजल्याशिवाय ‘स्वच्छ इंधन’ हा दावा अपुरा राहतो. उद्या याच नळांतून हायड्रोजन नेऊ, असेही सांगितले जाते. इंदूरमध्ये 2022 मध्ये शहरी वायूत अल्प प्रमाणात हायड्रोजन मिसळून पाहिला गेला. मात्र उच्च दाबाखाली हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो आणि वेल्ड आधी तडकतात, म्हणून जुनी वाहिनी जशीच्या तशी वापरता येणार नाही. शुद्ध केलेला जैववायू मात्र मिथेनच असल्याने आजच्या नळात चालतो. साखर कारखान्यांच्या मळीपासून (प्रेसमड) तो महाराष्ट्रात मिळू शकतो. त्यासाठी 1,000 किमी.ची नवी वाहिनी लागत नाही. कारखान्यापासून जवळच्या जाळ्यापर्यंतचा काही किलोमीटरचा जोडनळ आणि आर्द्रता व हायड्रोजन सल्फाइड मोजणारे यंत्र पुरते.