पक्ष्यांच्या आतड्यांतील परजीवींचे निदान

पाळीव व वन्य पक्ष्यांच्या आतड्यांतील कृमी आणि एकपेशीय परजीवी ओळखण्यासाठी मुख्यतः विष्ठा तपासतात. नमुना ताजा लागतो. जमिनीवरून उचललेल्या विष्ठेत मातीतले निरुपद्रवी सूत्रकृमीही सापडतात, म्हणून पिंजऱ्यात स्वच्छ कागद अंथरणे बरे. विष्ठेतला पांढरा भाग मूत्राचा असतो. तपासायचा तो गडद भाग.

विष्ठा संपृक्त मिठाच्या (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२०) किंवा साखरेच्या दाट द्रावणात कालवून गाळली की अंडी वर तरंगतात आणि आच्छादन काचेला चिकटतात. पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या कृमींची) अंडी जड असल्याने ती साका बसवून शोधतात. जिआर्डिया या एकपेशीय परजीवीसाठी मात्र ताज्या विष्ठेचा थेंब सलाइनमध्ये घेऊन लगेच पाहावा लागतो. अंड्यांच्या मोजणीसाठी आखीव चौकटींची मॅकमास्टर काचपट्टी वापरतात.

कॅपिलारिया या केसासारख्या बारीक सूत्रकृमीचे अंडे दोन्ही टोकांच्या बुचांमुळे चटकन ओळखू येते. अ‍ॅस्कॅरिडिया आणि हेटेरॅकिस या सूत्रकृमींची अंडी वेगळी सांगताना अनुभवी माणूसही अडखळतो. कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींच्या ऊसिस्ट (विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या कवचधारी अवस्था) पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये पक्व होऊ द्याव्या लागतात; मग त्यांच्यातील आयमेरियात चार बीजाणुपुटी (आतल्या पिशव्या) आणि प्रत्येकीत दोन बीजाणुज (संसर्ग करणाऱ्या पेशी) दिसतात, आयसोस्पोरात दोन आणि प्रत्येकीत चार.

वन्य पक्ष्यांच्या बाबतीत वेळेकडे हमखास दुर्लक्ष होते. अनेक गाणाऱ्या पक्ष्यांत आयसोस्पोराच्या ऊसिस्ट प्रामुख्याने दुपारनंतर बाहेर पडतात. पायात ओळखीची कडी घालण्यासाठी पहाटे जाळ्यात धरलेला पक्षी त्यामुळे निरोगी ठरू शकतो. त्याच पक्ष्याचा संध्याकाळचा नमुना ऊसिस्टनी भरलेला असतो. शिकारी पक्ष्यांची अडचण निराळी: भक्ष्याच्या पोटातली अंडी त्यांच्या विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडतात आणि भलत्याच रोगाचे निदान होते.

अंडी सापडली नाहीत म्हणजे जंत नाहीत, असे नव्हे. अपक्व कृमी अंडी घालत नाहीत, आणि अ‍ॅस्कॅरिडियाला पक्व व्हायला पाच ते आठ आठवडे लागतात. पट्टकृमींची अंडी तर त्यांच्या शरीरापासून सुटणाऱ्या खंडांसोबत अधूनमधूनच पडतात. विष्ठेवर वळवळणारे पांढरे खंड नुसत्या डोळ्यांनी शोधलेले बरे.

कोंबड्यांच्या कळपात मेलेला पक्षी उघडून पाहणे अनेकदा जास्त उपयोगी पडते. आयमेरिया टेनेला अंधांत्रात (आतड्याच्या बंद टोकाच्या पिशवीत), तर आयमेरिया अ‍ॅसर्व्हुलिना आद्यांत्रात (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) वाढतो, त्यामुळे जखमांच्या जागेवरून जातीचा अंदाज येतो. टेनेलाच्या तीव्र संसर्गात कोंबडी पाचव्या-सहाव्या दिवशी, ऊसिस्ट विष्ठेत दिसण्याआधीच मरू शकते. अशा वेळी रक्ताने भरलेल्या अंधांत्राची अस्तरत्वचा खरवडून ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.