अडॅप्टरच्या पोटातली चिप
नव्या कॉम्प्युटरला जुना, ठणठणीत मॉनिटर जोडायला जावं तर त्याची 15 पिनांची व्हीजीए केबल ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआय सॉकेटमध्ये बसतच नाही. "त्यात काय, एक कनेक्टर लावायचा!" हा सल्ला लगेच मिळतो. जणू टू-पिन प्लगला थ्री-पिन करायचाय.

व्हीजीए आलं 1987 साली, आयबीएमच्या पीएस/2 संगणकांबरोबर. लाल, हिरवा, निळा, प्रत्येक रंगाची वेगळी तार. तारेवर शून्य व्होल्ट म्हणजे काळोख, 0.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण उजेड. एचडीएमआयवरून मात्र रंगांचे नुसते आकडे येतात. पिना कशाही जोडल्या तरी आकड्याचे व्होल्ट होत नाहीत. त्यासाठी अडॅप्टरच्या पोटात एक चिप लागते, डॅक, म्हणजे डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर.

ही डॅक माझी फार लाडकी. समजा लाल रंगाचा आकडा आला 200. डॅकमध्ये, ढोबळमानाने, विजेचे आठ छोटे प्रवाह असतात, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट: 1, 2, 4 असं करत 128 पर्यंत. त्यातले 128, 64 आणि 8 चालू करायचे, बाकीचे बंद. बेरीज 200. हा एकत्रित प्रवाह रोधातून गेला की साधारण 0.55 व्होल्ट मिळतात. लगतच्या दोन छटांमधला फरक जेमतेम 2.7 मिलिव्होल्ट! 1920 बाय 1080 चित्र सेकंदाला 60 वेळा दाखवायचं तर डॅकच्या घड्याळाचे ठोके पडतात सेकंदाला 14.85 कोटी, आणि तिन्ही रंगांचं हे काम एकाच वेळी चालतं.

मॉनिटर एलसीडी असेल तर तो हे व्होल्ट मोजून पुन्हा आकडेच बनवतो! एका पिक्सेलच्या वाट्याला 6.7 नॅनोसेकंद. व्होल्टेज स्थिरावल्यावर मोजलं तर अक्षरं रेखीव, चढ-उतारातच मोजलं तर कडा धूसर. मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण मोजणीचा हा क्षण मागेपुढे सरकवतं. तेव्हा अडॅप्टरला नावं ठेवण्याआधी ते दाबून बघा. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांनी चित्र उजळत नाही. सोनं गंजत नाही, एवढंच.

जुन्या कार्डांवरच्या डीव्हीआय-आय सॉकेटमध्ये व्हीजीएचे सिग्नल आयतेच असत, तिथे बिनचिपचा कनेक्टर खरोखर चालतो. ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2016 च्या जीटीएक्स 10 मालिकेत ते सिग्नल काढून टाकले.

घेताना दिशाही बघा. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा अडॅप्टर उलटा लावून चालत नाही. परतीच्या वाटेला वेगळीच चिप लागते.