सौंदर्य शस्त्रक्रिया आणि जखमेचे वेळापत्रक

ठाण्यात नौपाड्यातील गोखले रस्त्याने स्थानकाकडे चालत गेले की साड्यांच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या वर, पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर, त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतात. हेअर ट्रान्सप्लान्ट, पोटावरची चरबी काढणे, नाकाला आकार देणे अशी यादी असते आणि खाली मासिक हप्त्यांची सोय लिहिलेली असते. आत बसलेली माणसे सिनेमासृष्टीतली नसतात. बँकेतले कर्मचारी, शाळेतल्या शिक्षिका, ऐरोलीच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले तरुण, लग्न ठरलेली किंवा ठरण्याची वाट पाहणारी मुले-मुली, अशी ती आपल्यातलीच असतात. सौंदर्य शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केलेल्या पाहणीनुसार २०२३ साली जगभरात शस्त्रक्रिया आणि केवळ सुईने किंवा यंत्राने होणारे उपचार मिळून सुमारे साडेतीन कोटी प्रक्रिया झाल्या.

या गर्दीला नुसती हौस म्हणून हिणवणे मला योग्य वाटत नाही. छाती स्त्रीसारखी वाढल्यामुळे वर्षानुवर्षे सैल शर्ट घालणाऱ्या आणि पोहायला जाण्याचे टाळणाऱ्या मुलाचे दुःख खरे असते, आणि त्यावर शस्त्रक्रियेचा चांगला उपयोगही होतो. मात्र ही शस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या आवाक्यात कशामुळे आली आणि तिच्यातले काय अजिबात बदललेले नाही, हे दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वी प्रत्येकाला माहीत असायला हवे.

बदलली ती मुख्यतः भूल देण्याची पद्धत. चरबी शोषून काढण्याची, म्हणजे लायपोसक्शनची, शस्त्रक्रिया सुरुवातीच्या काळात संपूर्ण भूल देऊन केली जाई आणि चरबीबरोबर इतके रक्त जाई की पुष्कळदा रुग्णाला बाहेरून रक्त द्यावे लागे. जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९८७ साली एक वेगळी पद्धत प्रसिद्ध केली. सलाइनमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आणि थोडे अ‍ॅड्रेनलिन मिसळायचे, आणि चरबीचा थर फुगून घट्ट होईपर्यंत ते पातळ द्रावण त्यात भरायचे. अ‍ॅड्रेनलिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्तस्राव अगदी कमी होतो आणि औषधही रक्तात फार सावकाश उतरते. म्हणूनच एरवी वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंतच दिले जाणारे हे औषध या पद्धतीत ३५ मिलिग्रॅमपर्यंत देता येते, असे क्लाइन यांनी दाखवून दिले. संपूर्ण भूल टळली, रक्ताची बाटली टळली, रुग्णालयातला मुक्काम टळला आणि खर्च उतरला.

पण याच सावकाशपणात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती जाहिरातीत कधी वाचायला मिळत नाही. अशा रीतीने दिलेल्या लिग्नोकेनचे रक्तातील प्रमाण शस्त्रक्रियेच्या वेळी सर्वांत जास्त नसते. ते त्यानंतर साधारण बारा तासांनी शिखर गाठते. दुपारी शस्त्रक्रिया झालेला माणूस संध्याकाळी घोडबंदर रस्त्याच्या वाहतुकीतून घरी पोहोचतो, जेवतो, झोपतो, आणि औषधाचे रक्तातील प्रमाण मध्यरात्रीनंतर चढलेले असते. ओठांभोवती बधिरपणा, कानात आवाज, असंबद्ध बोलणे ही औषध जास्त झाल्याची पहिली लक्षणे असतात आणि पुढे आकडीसारखे झटके येऊ शकतात. त्या रात्री घरात जागे माणूस असणे आणि दवाखान्याचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर हाताशी असणे हा उपचाराचाच भाग आहे.

बदलले नाही ते जखमेचे भरणे. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्याच मुलखात घडलेला आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा माणूस १७९२च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका मराठी वैद्याने त्याला नवे नाक बसवले आणि त्याचे वर्णन १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने कातडी कापायची, पण दोन भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवून नाकावर बसवायची. सांधा पक्का राहावा म्हणून त्यावर पाण्यात भिजवलेला कात, आपण विड्यात घालतो तोच, लावलेल्या चिंध्या ठेवायच्या. देठ कापायचा तो सुमारे पंचविसाव्या दिवशी. हे वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने पुढे १८१४ साली लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली.

तो देठ का ठेवायचा, तर कातडीला रक्त तिथूनच मिळत असते. नाकाच्या उघड्या पृष्ठभागातून केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, नव्याने उगवून त्या कातडीत शिरेपर्यंत तो कापला, तर कातडी मरून जाते. आज प्रतिजैविके आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, केसापेक्षा बारीक टाके आहेत, तरीही कपाळाच्या कातडीने नाक दुरुस्त करताना शल्यविशारद देठ साधारण तीन आठवड्यांनीच कापतात. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत केशवाहिन्यांच्या वाढीचा वेग तोच राहिला आहे.

कोणत्याही छेदाची गोष्ट अशीच असते. जखमेत आधी घाईघाईने कच्चे कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळ देणारे तंतुमय प्रथिन, विणले जाते आणि नंतर महिनोन् महिने ते मोडून त्या जागी पक्के कोलॅजन बसवले जाते. तीन आठवड्यांनी वरून भरलेल्या दिसणाऱ्या जखमेत मूळ त्वचेच्या साधारण २० ते ३० टक्केच बळ आलेले असते आणि कितीही थांबले तरी ते मूळच्या साधारण ८० टक्क्यांपुढे जात नाही. वणाचा रंग आणि उंची ठरायला वर्ष-दीड वर्ष लागते. नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण उतरायलाही जवळपास वर्ष जाते.

केसांचे वेळापत्रक तर लग्नघरांनी पाठच करावे असे आहे. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस टकलास कारणीभूत होणाऱ्या संप्रेरकाला दाद देत नाहीत आणि ते पुढे लावले तरी हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेनट्रिक यांनी १९५९ साली हे प्रयोगांनी मांडले आणि केशरोपणाचे सारे शास्त्र त्यावर उभे राहिले. मात्र जागा बदलल्याच्या धक्क्याने रोपलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून पडतात, नवे केस तीन-चार महिन्यांनी डोकावू लागतात आणि खरे रूप नऊ ते बारा महिन्यांनी दिसते. माझ्या मावसभावाच्या मुलाचे लग्न मार्गशीर्षात ठरले आणि तो दिवाळीच्या तोंडावर चौकशीला गेला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला चक्क परत पाठवले. मुहूर्ताच्या दिवशी डोके आत्तापेक्षा विरळ दिसेल, लग्नानंतर ये, असे त्यांनी सांगितले. मिळणारे पैसे सोडून खरे सांगणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी मला मनापासून आदर वाटतो. मागचा केसही अमर्याद नसतो. पंचविसाव्या वर्षी तो सगळा कपाळावर खर्च केला आणि पुढे टक्कल वाढत गेले, तर टाळूसाठी काही उरत नाही.

आपल्या त्वचेचा स्वभावही हिशेबात धरावा लागतो. गव्हाळ आणि सावळ्या वर्णात रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी दाह झाला की जास्त काम करू लागतात. लेझर, सोलण्याचे उपचार किंवा साधा छेद यानंतर काळे डाग राहण्याची शक्यता म्हणूनच गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असते आणि ऊन लागले तर ते अधिक गडद होतात. जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारे वण, म्हणजे कीलॉइडही, अशाच त्वचेत अधिक आढळतात. ज्यांच्या कानाच्या भोकाशी किंवा लसीच्या जागी अशी गाठ आली असेल, त्यांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. चरबी काढल्यावर काही आठवडे घट्ट दाबपट्टा घालावा लागतो आणि ठाण्याच्या मे महिन्यातल्या घामात तो दिवसभर अंगावर ठेवणे किती कठीण असते, हे ज्यांनी घातला त्यांनाच विचारावे.

नाकाची तक्रार घेऊन येणाऱ्यांनी एक साधा हिशेब करून पाहावा. सेल्फी घेताना मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान कॅमेऱ्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर असतात आणि वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसत असल्यामुळे कानांच्या तुलनेत नाक जवळजवळ एक तृतीयांशाने मोठे उमटते. तोच फोटो पाच फुटांवरून दुसऱ्या कोणी काढला, तर हा फरक सात टक्क्यांच्या आसपास येतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली असेच गणित प्रसिद्ध केले आणि एक फुटावरच्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते असे दाखवले. समोरच्या माणसाला आपले जे नाक दिसते ते पाच फुटांवरचे असते, आणि सुरी चालते ती खऱ्या नाकावर. आपल्या चेहऱ्यातल्या, इतरांच्या लक्षातही न येणाऱ्या दोषाचा दिवसाचे तास-तास विचार करणाऱ्यांच्या बाबतीत तर एक शस्त्रक्रिया दुसरीकडे आणि दुसरी तिसरीकडे नेते. त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते.

राहिला प्रश्न सुरी कोणाच्या हाती आहे याचा. केशरोपणासारख्या सौंदर्यविषयक प्रक्रिया कोणी कराव्यात याबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ किंवा कार्यशाळा पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. प्लास्टिक सर्जरीची किंवा त्वचारोगाची पदव्युत्तर पदवी आहे का, केस काढण्याचे आणि लावण्याचे काम प्रत्यक्ष कोण करणार, झटका आला तर जवळचे अतिदक्षता कक्ष असलेले रुग्णालय कोणते, हे प्रश्न हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी विचारायचे असतात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागण्यात कोणताही उद्धटपणा नाही. तो औषधाच्या चिठ्ठीवर छापलेला असायलाच हवा.