१९९८ ला न भेटलेल्या दोन रेषा

१९९२ साली ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात ब्रायन व्हिप आणि सुझन वॉर्ड या शास्त्रज्ञांचं एक छोटं टिपण आलं. धावण्याच्या जुन्या विक्रमांचे वेग त्यांनी आलेखावर मांडले होते. महिलांची रेषा इतक्या झपाट्याने चढत होती की ती तशीच पुढे ओढली, तर मॅरेथॉनमध्ये १९९८ च्या सुमारास ती पुरुषांच्या रेषेला गाठणार होती.

१९९८ उजाडलं. केनियाच्या टेगला लोरूपेने मॅरेथॉनमध्ये महिलांचा २ तास २० मिनिटे ४७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याच वर्षी पुरुषांमध्ये ब्राझीलच्या रोनाल्डो दा कोस्टाची वेळ होती २ तास ६ मिनिटे ५ सेकंद. फरक जवळजवळ पावणेपंधरा मिनिटांचा!

आकडे खरे होते, मग रेषा का चुकली? १९६४ ते १९८५ या काळात महिलांचा विक्रम ३:२७:४५ वरून २:२१:०६ वर आला, म्हणजे तासाहून अधिक सुधारणा. पुढच्या तेरा वर्षांत फक्त १९ सेकंद. सुरुवातीची ती उडी महिलांना लांब शर्यतींचं दार उघडल्याची होती.

दार बंद झालं ते १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकनंतर. ८०० मीटरची अंतिम शर्यत जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटे १६.८ सेकंदांत जिंकली. मुली धडाधड कोसळल्या, असं वर्तमानपत्रांनी छापलं. प्रत्यक्षात नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली होती. ८०० मीटर जीव तोडून धावताना ऊर्जेचा मोठा वाटा प्राणवायूविना तयार होतो, स्नायू भरून येतात. रेषेपलीकडे पुरुषही आडवे होतात. तरी १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये महिलांना २०० मीटरपेक्षा लांब शर्यत मिळाली नाही. मॅरेथॉन तर थेट १९८४ मध्ये. १९२८ ते १९६० अशी बत्तीस वर्षं एका खोट्या बातमीवर गेली, याचा मला आजही संताप येतो.

आता उरलेला फरक बराचसा शरीराचा आहे. वयात येताना मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. त्यामुळे स्नायू, हृदयाचा आकार आणि रक्तातलं प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन, तिन्ही वाढतात. अव्वल धावपटूंमध्ये हा फरक साधारण १० ते १२ टक्के राहतो. दुसऱ्या बाजूला, लांब पल्ल्यात महिलांचं शरीर चरबीचं इंधन जास्त वापरतं, आणि मॅरेथॉनच्या उत्तरार्धात त्यांचा वेग पुरुषांइतका ढासळत नाही.

इंधनावरून आठवलं. सराव वाढला आणि ताटातली भाकरी तेवढीच राहिली, तर शरीर आधी पाळी थांबवतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, हाडं ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. पाळी थांबणं ही कसून सराव केल्याची पावती आहे, असं कुणी मुलीला सांगत असेल तर कृपा करून तिला डॉक्टरांकडे न्या.

काही दारं तर आणखी उशिरा उघडली. ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची आणि पाण्यावरून उड्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी २००८ ला आली. २०१६ ला रिओत ती तिसऱ्यांदाच होत होती. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर, आधी मॅरेथॉन धावणारी, प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत धावली. तो राष्ट्रीय विक्रम होता. अंतिम फेरीत ती दहावी आली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची, म्हणजे १९८४ नंतरची, ती पहिली भारतीय महिला.