नव्याने सुरू झालेली फिट आणि प्रतिपिंडांची तपासणी

साठीच्या आसपासच्या, पूर्वी कधीही फिट न आलेल्या माणसाचा चेहरा आणि त्याच बाजूचा हात दिवसातून अनेकदा, जेमतेम दोन-तीन सेकंद आखडू लागला, जोडीला विसराळूपणा वाढला आणि रक्तातील सोडियमही कमी झालेले आढळले, तर एलजीआय-१ या मेंदूतील प्रथिनावर चुकून हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांची शंका घ्यायलाच हवी. हे झटके इतके क्षणिक असतात की घरच्यांना ते दचकणे वाटते. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या आलेखात, बहुधा काही दिसत नाही आणि फिटच्या नेहमीच्या गोळ्यांचाही फारसा उपयोग होत नाही. स्टेरॉइडने मात्र ते पुष्कळदा लवकर आटोक्यात येतात.

एलजीआय-१ हे चेतापेशींच्या जोडणीपाशी संदेशांचा तोल राखणारे प्रथिन आहे. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेली प्रतिपिंडे त्यालाच चिकटली की तो तोल बिघडतो आणि चेतापेशी अकारण उत्तेजित होतात. चेताविकारतज्ज्ञ जोसेप दाल्माउ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेल्या आजारात एनएमडीए ग्राहकांवर, म्हणजे चेतापेशींवरील संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवर, असाच हल्ला होतो. त्यात तरुण स्त्रियांचे प्रमाण मोठे असून काहींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. सुरुवात भास, संशय, निद्रानाश यांनी होत असल्याने आजार निव्वळ मानसिक समजला जातो आणि मोलाचे दिवस वाया जातात, याचे फार वाईट वाटते.

म्हणून फिट आलेल्या प्रत्येकाची ही महागडी तपासणी करावी काय? माझ्या मते नाही. आपल्याकडे मेंदूतील क्षयरोग, फीतकृमीच्या गाठी आणि विषाणूजन्य मेंदूज्वर आधी पाहावे लागतात. शिवाय जीएडी-६५ या दुसऱ्या एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांसारखी काही प्रतिपिंडे अल्प प्रमाणात हा आजार नसलेल्या लोकांतही आढळतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तपासणी कोणाची करावी हे ठरवण्यासाठी गुणपद्धती तयार केली. तीत वर्तनातील बदल, आधीचा ताप, चेहऱ्याच्या अनैच्छिक हालचाली, दोन औषधांनाही न जुमानणारी फिट, एमआरआयमधील बदल आणि पाठीतून काढलेल्या, मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातील दाह यांना गुण असून बेरीज चार किंवा अधिक झाल्यास तपासणी करावी असे सुचवले आहे.

नमुना रक्ताचा आणि पाठीतील पाण्याचा, असा दोन्हींचा घ्यावा, कारण एनएमडीए प्रतिपिंडे पाण्यात अधिक खात्रीने सापडतात, तर एलजीआय-१ रक्तात. संसर्ग नसल्याची खात्री झाली आणि लक्षणे स्पष्ट असली, तर अहवालासाठी उपचार अडवून धरू नयेत. वेळेवर उपचार मिळालेल्या अनेकांची फिट पूर्ण थांबते आणि त्यांना जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत नाहीत.